आपली ती गाडी, दुसऱ्याचा तो खटारा!

(द्वितीय वर्ष, कला)

'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या काळी मोटारसायकल नसावी. असती, तर त्याने बाब्याला सोडून गाडीचेच उदाहरण घेतले असते, असे आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर पाच मिनिटे उभे राहिले की वाटू लागते. (त्याला आपण अजून सायकल-स्टँडच म्हणतो. सायकली मात्र तेथे तीन-चारच असतात.)

विद्यार्थी-निवडणुका होवोत वा न होवोत, पक्ष आपल्याकडे भरपूर आहेत. पहिला पक्ष बुलेटवाल्यांचा. त्यांच्या मते जगात मोटारसायकल एकच. बाकी सगळी शिलाईयंत्रे. दुसरा स्प्लेंडरवाल्यांचा. हे बोलतात कमी, पण पेट्रोलचा भाव वाढला की यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते पाहण्यासारखे असते. त्यांच्या लेखी बुलेट म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. तिसरा पक्ष पल्सरवाल्यांचा. यांची सारी भाषा पिकअपची. चौथा पक्ष सर्वांत कडवा, तो आर.एक्स. १००च्या भक्तांचा. ही गाडी आपल्या देशात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आमच्या वर्गातील कोणाचाही जन्म होण्यापूर्वीच ती बंद पडली होती. तरीही तिच्याबद्दल हे असे बोलतात, की जणू काही ती यांच्यासमोरच गेली!

हा विषय मुलींचा नव्हे, असे काही वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी थोडे सांगते. माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पण मोटारसायकल माझ्याही आधी घरात आली. मामाचे तालुक्याच्या गावी गॅरेज आहे. शाळेच्या सुट्ट्यांत मी तेथे चेन धुऊन दिल्या आहेत, प्लग घासून दिले आहेत आणि नटबोल्ट मापाप्रमाणे डब्यात लावून ठेवले आहेत. वडिलांच्या शंभर सी.सी.च्या गाडीवर मी गिअर टाकायला शिकले. तेव्हा या भांडणात बोलण्याचा थोडा हक्क मला आहे, असे मी समजते.

प्रथम यंत्राविषयी बोलू. माणसाचा अभिमान नंतर पाहू.

बुलेटचा जो 'धक् धक्' आवाज ऐकून काहींची छाती फुगते, तो कोठून येतो? जुन्या साडेतीनशे सी.सी.च्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब, म्हणून इंजिन सावकाश फिरते आणि एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. स्प्लेंडरमध्ये व्यास ५० आणि धाव ४९.५ मिलिमीटर. साहजिकच ती भरभर फिरते आणि तिचे ठोके एकमेकांत मिसळून जातात. आर.एक्स. १००चे इंजिन दोन-धावेचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो; चार-धावेच्या इंजिनात तो दर दोन फेऱ्यांना एकदा होतो. म्हणून साधारण तेवढ्याच मापाच्या इंजिनातून ती ११ अश्वशक्ती काढीत असे, तर त्या काळची चार-धावेची शंभर सी.सी.ची गाडी सात-आठवर थांबे. मात्र टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, धूर होतो आणि अॅव्हरेज पडते. म्हणजे, एकीने शांतपणे ओझे ओढावे, एकीने थोड्या पेट्रोलात लांब जावे, एकीने चपळाईने पळावे, अशी ही निरनिराळी कामे. बैल, घोडा आणि गाढव यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न कोणी शेतकरी विचारीत नाही; तो विचारतो, काम काय आहे? आपण शेतकऱ्यांची पोरे मात्र गाडीच्या बाबतीत हा साधा प्रश्न विसरतो.

मग ही निष्ठा येते कोठून? ती सगळीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. तिच्यामागे इतिहास आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीला निवड अशी फारशी नव्हतीच. इंग्लंडमधील रेडिच गावची बुलेट १९५५ नंतर मद्रासला तयार होऊ लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा निघू लागली. तीच १९७३ पासून 'येझदी' या नावाने धावू लागली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत दुधाचे कॅन लादून गावोगाव फिरली. पुण्याच्या बजाजची स्कूटर हवी असेल तर पैसे भरून कित्येक वर्षे नंबर लावून बसावे लागे. परवाना-पद्धतीचा तो काळ. वस्तू इतकी वाट पाहून मिळाली की तिला नावे ठेवणे म्हणजे आपल्याच आयुष्यातील त्या वर्षांना नावे ठेवणे. आजोबा मंडळी 'गाडी असावी तर अशी' म्हणत, त्यात गाडीचे कौतुक थोडे आणि स्वतःच्या चिकाटीचे जास्त असे.

मग हिरो होंडा कंपनी निघाली, तिची सी.डी. १०० ही १९८५ मध्ये आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. या गाड्यांनी खेड्यातल्या माणसाला एक नवी गोष्ट शिकवली : गाडी रोज सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होऊ शकते आणि एका लिटरमध्ये बाजारहाट उरकून परत येता येते. २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली आणि 'अॅव्हरेज किती?' एवढेच विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला वेगाची गोडी लागली. त्या-त्या पिढीने त्या-त्या गाडीवर जीव लावला, तो अशा रोजच्या अनुभवाने.

माझ्या वडिलांचेच पाहा. त्यांची गाडी जुनी घेतलेली. तिच्यावरून त्यांनी सिमेंटची पोती आणली, ओळंबा-थापीची पिशवी हँडलला अडकवून वीस-वीस किलोमीटरवरच्या कामांवर गेले, आजीला दवाखान्यात नेले आणि मला प्रवेश-अर्ज भरायला येथे आणले. दसऱ्याला ते गाडी धुऊन झेंडूचा हार घालतात तेव्हा त्यांच्या मनात कंपनी नसते. सोबत राबलेल्या जिवाविषयी वाटावी तशी ती कृतज्ञता असते. या निष्ठेला मी हात जोडते. ती कमावलेली आहे.

परंतु स्टँडवर जी निष्ठा दिसते ती या जातीची आहे काय? ज्याने गाडीचे हप्ते भरलेले नाहीत, चेन स्वतः ओढून घेतलेली नाही, पावसात प्लग काढून पुसलेला नाही, त्याचा अभिमान सर्वांत मोठा! वडिलांची निष्ठा गाडी घेतल्यावर वीस वर्षांनी तयार झाली. आमची गाडी घेण्याआधीच तयार असते. वडिलांच्या निष्ठेला दुसऱ्याच्या गाडीची निंदा करावी लागत नाही. आमची तिच्यावाचून एक दिवस जगत नाही.

मानसशास्त्राच्या अभ्यासात या वागण्याची उत्तरे सापडतात. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये एक सिद्धान्त मांडला. मनात दोन विसंगत गोष्टी एकत्र राहिल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि ती विसंगती मिटवण्याची धडपड करतो. एवढे पैसे घातले, आणि दुसरी गाडी बरी होती की काय अशी शंका आली, तर झोप कशी लागणार? मग आपल्या गाडीचे गुण मोठे करावयाचे आणि दुसरीचे दोष. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले होते, की नवी मोटार घेतलेली माणसे, ज्या मोटारी घ्याव्यात की काय असा विचार करून सोडून दिल्या त्यांच्या जाहिरातींपेक्षा, आपण घेतलेल्या मोटारीच्याच जाहिराती अधिक वाचतात. गाडी तर घेऊन झाली. मग जाहिरात कशाला वाचावयाची? आपण चुकलो नाही, हे कोणीतरी सांगावे म्हणून!

दुसरे नाव हेन्री ताजफेल यांचे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे १९७०च्या सुमारास त्यांनी शाळेतील मुलांचे अगदी क्षुल्लक कारणाने दोन गट पाडले. कोणाला कोणत्या चित्रकाराचे चित्र आवडले, एवढ्यावरून. मुले एकमेकांशी बोललीही नव्हती, गटाशी कोणाचा काही लाभ बांधलेला नव्हता. तरी पैसे वाटावयास सांगितल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, असाही कल दिसला. ज्या मनाला नुसत्या चित्रावरून 'आम्ही' आणि 'ते' करता येते, त्याला टाकीवरचे बोधचिन्ह म्हणजे तर पर्वणीच! आणि भेद जितका लहान, तितके भांडण मोठे. पल्सर १५० आणि अपाचे १६० यांचे मालक ज्या त्वेषाने एकमेकांवर तुटून पडतात, त्या त्वेषाने बुलेटवाला आणि मोपेडवाला कधी भांडत नाहीत. डोळे मिटून मागे बसवले तर त्या दोन गाड्यांतला फरक किती जणांना ओळखता येईल, ही शंकाच आहे.

येथवर ही गंमत आहे, आणि तारुण्यात थोडी गंमत हवीच, असे आमचे प्राध्यापक म्हणतील. मलाही ते मान्य झाले असते. पण या गमतीची किंमत कोणीतरी मोजत असते.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील मोपेडवरून भाजी विकतात. बाजाराचा दिवस नसला की तो ती मोपेड घेऊन महाविद्यालयात येतो, पण स्टँडवर लावीत नाही. फाटकाच्या अलीकडच्या वळणावर, पानटपरीच्या मागे लावून चालत येतो. पहिल्या वर्षी स्टँडवर त्या गाडीला पाहून जे शब्द उडाले होते, ते त्याने मनात ठेवले आहेत. ज्या गाडीने त्याची फी भरली, तिला लपवावे लागते. आणि जी अजून निम्मी पतसंस्थेची आहे, ती मिरवली जाते. यात हसण्यासारखे काय आहे, ते मला कोणी समजावून सांगावे.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. माझ्या मावसबहिणीचे लग्न ठरले तेव्हा मुलाकडच्यांनी मोटारसायकल मागितली. हुंडा घेणे-देणे हा १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, हे बैठकीला बसलेल्या सर्वांना ठाऊक होते. म्हणून तिला हुंडा न म्हणता 'हौस' म्हटले गेले. मावशीच्या यजमानांनी आपल्या ऐपतीची गाडी देऊ केली. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा निरोप आला, की ती कंपनी चालणार नाही; मित्रांत हसे होईल. हवी ती गाडी आणण्यासाठी दोन दुभत्या गाई विकाव्या लागल्या. त्या गाडीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाही. दोष त्या 'मित्रांत हसे होईल' या भीतीचा आहे. आणि ती भीती स्टँडवर, तुमच्या-आमच्या हसण्यातूनच तयार होते. आपण थट्टेत ज्याला खटारा म्हणतो, त्याचे बिल कोणत्या घरी जाते, हे आपल्याला दिसत नाही, इतकेच.

बरे, ज्यांच्यासाठी आपण भांडतो त्या कंपन्या तरी आपल्याशी किंवा एकमेकींशी एकनिष्ठ आहेत काय? 'आमचे इंजिन होंडाचे' म्हणून ज्यांनी गावभर वाद घातला, त्यांच्या डोळ्यांदेखत डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा वेगळे होण्याचे ठरले आणि पुढच्या वर्षी कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले. कालचे भागीदार बाजारात एकमेकांसमोर उभे राहिले. टी.व्ही.एस. आणि सुझुकी २००१ मध्ये विभक्त झाल्या. बजाजने कावासाकीशी सोयरीक केली, तीही कायमची राहिली नाही. ज्या बुलेटला लोक सनातन समजतात, तिची मूळ इंग्रज कंपनी केव्हाच मोडली; मद्रासची कंपनी १९९४ मध्ये आयशरकडे गेली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. तो गिअर डावीकडे आला तेव्हा आणि पुढे जुने ओतीव लोखंडाचे इंजिन जाऊन नवे आले तेव्हा, 'आता ही बुलेट राहिली नाही' म्हणून हळहळणारे कमी नव्हते. कंपनीने त्यांच्यासाठी थांबावे, असे झाले नाही. व्यापारात तसे होतही नसते. धंदा हिशेबाने चालतो. मग आपणच तेवढे भावनेने का चालावे?

राजदूत ३५०ची कथा तर बोधकथाच आहे. यामाहाच्या तंत्रावर एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ती आणली. दोन सिलिंडरांची, टू-स्ट्रोक, आपल्याकडच्या रस्त्यांच्या मानाने भलतीच वेगवान. लोकांनी तिचे अॅव्हरेज पाहिले आणि ते दुसऱ्या दुकानात गेले. काही वर्षांत ती बंद झाली. आज तिच्यासाठी माणसे वाटेल ती किंमत मोजतात. जिला तिच्या हयातीत गिऱ्हाईक मिळेना, तिला मागाहून भक्त मिळाले! निष्ठा गुणांवर असते म्हणावे, तर गुण तेव्हाही तेच होते.

मग निष्ठा अजिबात नसावी काय? असे नाही. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पुढची बावीस वर्षे, २०१८ मध्ये जावाचे नाव पुन्हा बाजारात येईपर्यंत, जुन्या जावा-येझदी ज्यांनी चालत्या ठेवल्या, ते याच निष्ठेचे लोक. भंगारातून सुटे भाग शोधायचे, न मिळाल्यास लेथवर करून घ्यायचे, जुन्या मेस्त्रींकडून टायमिंग लावायला शिकायचे. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी ठिकठिकाणी आपल्या गाड्या घेऊन एकत्र येतात. या निष्ठेने एक विद्या जिवंत ठेवली. तिला हात काळे करावे लागले. फरक येथेच आहे. एक निष्ठा जपते आणि शिकते. दुसरी फक्त हिणवते.

माझ्या मामाला मी एकदा विचारले होते, की सगळ्यांत चांगली गाडी कोणती? तो म्हणाला, "ज्याचं ऑइल वेळेवर बदललं जातं ती." मी पुन्हा विचारले, की तरी पण कंपनी? तो म्हणाला, "बाळा, माझ्याकडं सगळ्याच येतात." गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडले की कोणत्याही कंपनीचा पिस्टन सारखाच काळा दिसतो, हे पाहत माणसाची वीस-बावीस वर्षे गेली, की त्याच्यापाशी पक्ष उरत नाही. आपण पुस्तके वाचून जी दृष्टी मिळवू पाहतो, ती त्याला पान्याने मिळाली आहे.

आमच्या मित्रांजवळ बुद्धी नाही असे मुळीच नाही. ज्याला पानिपतच्या तीन लढायांची साले आठवत नाहीत, तो दहा गाड्यांची अश्वशक्ती, वजन आणि अॅव्हरेज न अडखळता सांगतो. म्हणजे स्मरणशक्ती आहे, तुलना करण्याची शक्ती आहे, वाद घालण्याची हौस तर आहेच. पण तुलना करणाऱ्याने निष्कर्ष अगोदर ठरवून बसू नये, हे तर आपल्याला तर्कशास्त्रात पहिल्या पाठाला शिकवतात. माझी विनंती एवढीच, की गाडीचा वाद तर्कशास्त्राच्या नियमाने घाला. घरून महाविद्यालय किती किलोमीटर? रोज पेट्रोलला किती? हप्ता कोण भरतो? सुटा भाग तालुक्यात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो? ब्रेक कसा आहे? आणि हेल्मेट घेतले की ते पैसे सायलेन्सरच्या पुंगळीत गेले? या सहा प्रश्नांची उत्तरे देऊन मग खुशाल म्हणा, माझी गाडी उत्तम. मी टाळी वाजवीन.

आणखी एक. या स्टँडवर निम्म्या गाड्या मुलींच्या आहेत. त्यांचे नाव कोणत्याच पक्षात नाही. सगळ्यांना मिळून 'स्कूटी' म्हणायचे, मग कंपनी कोणतीही असो. एका अर्थी आम्ही भाग्यवान. आम्हाला आमच्या गाडीसाठी कोणाशी भांडावे लागत नाही, वेळेवर घरी पोचलो की झाले. पण परवा एका मैत्रिणीला, 'तुझी ती जुनी, माझी बघ किती पिकअप घेते,' असे म्हणताना मी ऐकले आणि मनात म्हटले, हा रोग आता इकडेही येणार. तो येण्याआधी त्याचे नाव ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

येत्या दसऱ्याला आपण सारे आपापल्या गाड्या धुऊ, हार घालू. त्या दिवशी वळणावरच्या टपरीमागची ती मोपेडही आत, स्टँडवर, सगळ्यांच्या रांगेत लागावी आणि तिलाही एक हार मिळावा. त्यासाठी कोणाला काही द्यावे लागणार नाही. एक शब्द गिळावा लागेल, बस्स.